ओच्यामेची मुलगी बोलण्यात नापास

मदिना, अक्रा
१२ जानेवारी

बाबा,

फोन घेत नाही ना, मग पत्र घ्या. हे पाकीट फ्रेमा आत्या जेवताना तुमच्या फुफूच्या वाडग्याशेजारी ठेवेल आणि कोंबड्यांना दाणे टाकायच्या निमित्तानं मागच्या अंगणात जाईल. तसं मी तिला बजावलंय. कुणाच्या देखत तुम्ही हे उघडणार नाही, एवढं तुमच्या मुलीला कळतं.

मी मजेत आहे. खोली एका केस विणणाऱ्या बाईच्या दुकानावर आहे, त्यामुळे सकाळपासून खालून गाणी आणि गावभरच्या चहाड्या फुकट ऐकायला मिळतात. खोलीत माझ्याबरोबर झिफा म्हणून केटाकडची एक नर्स आहे. तीही हीच इंग्रजीची परीक्षा देतेय. तिला इंग्लंडच्या इस्पितळात नोकरी हवी आहे, तिचं सातात भागतं. मला मात्र बोलण्याच्या भागात नवापैकी आठ हवेत. अडखळणाऱ्या मुलांना बोलतं करायचं शिक्षण घ्यायचं तर आधी आपली स्वतःची जीभ तपासून घेतात म्हणे. जूनअखेरपर्यंत आठ आणले तर स्कॉटलंडच्या कॉलेजातली जागा माझी, नाहीतर दुसऱ्या कुणाची तरी.

तुम्ही म्हणाल, राजाचा शब्द लोकांना ऐकवणाऱ्या ओच्यामेच्या मुलीची जीभ परक्यांनी काय म्हणून तपासायची? म्हणजे म्हणणार नाही, तुम्ही हल्ली काहीच म्हणत नाही. आपले राजे नाना आसनावरून हळूच तीन शब्द बोलतात, तुम्ही सोन्याच्या मुठीची काठी घेऊन उभे राहता आणि त्या तिनाचे तीस करून सभेला ऐकवता. गेली तीस वर्षं गाव ते कान टवकारून ऐकतंय. म्हणून तर राजमातेनं तिची ओच्यामे व्हायला मला बोलावलं. तो तुमचाही मान होता, हे मला तेव्हाही कळत होतं. मी भरसभेत म्हटलं, "मला नको." रिवाजाप्रमाणे ते तुम्हीच राजमातेला सांगायचं होतं. तुम्ही उभे राहिलात, "मुलगी म्हणते," एवढं म्हणालात आणि तिथंच थांबलात. तुम्हाला शब्द सापडत नाही हे गावानं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

तेव्हापासून तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. तुमचा राग मी समजू शकते. पण नाही म्हटल्याचं मला वाईट वाटत नाही, तेही इथं लिहून टाकते, उगाच गैरसमज नको.

आमच्या इंग्रजीच्या क्लासचे क्वाशी सर निवृत्त हेडमास्तर आहेत. ज्या वाक्यात एकही भारदस्त शब्द नाही ते वाक्य उघड्या अंगानं चर्चला निघालं असं त्यांचं मत आहे. रोज फळ्यावर शब्दांची रास पडते. मी प्रत्येक शब्दाला आपल्या घरचं कुणीतरी चिकटवते, म्हणजे विसरत नाही. 'लोक्वेशस' म्हणजे अतोनात बोलणारी, ती आत्या. 'ऑब्स्टिनेट' म्हणजे हटवादी. तो कुणाला दिला ते विचारू नका. काल सरांनी 'टॅसिटर्न' म्हणजे अबोल या शब्दाचं वाक्य करायला सांगितलं. मी उठून म्हटलं, माझे वडील धंद्यानं बोलके आहेत, पण सध्या टॅसिटर्न आहेत. सरांनी शाबासकी दिली.

तुमची
सेरवा


मदिना
३ मार्च

बाबा,

निकाल आला. ऐकण्यात साडेआठ, वाचण्यात आठ, लिहिण्यात साडेसात. इथं उकाडा फार आहे. दिवसाआड वीज जाते. झिफा छान केंकी आणते, बरोबर तळलेले मासे आणि झणझणीत चटणी. बाकी सगळं ठीक.

सेरवा


मदिना
११ मार्च

बाबा,

आत्याचा फोन आला. म्हणाली, तुम्ही पत्र वाचलंत, घडी घातलीत आणि छताकडे बघत विचारलंत, "या परीक्षेचे चार भाग असतात ना? चौथा कुठाय?"

ही गोष्ट मी तिच्याकडून तीनदा वदवून घेतली. तुम्ही माझ्याविषयी काहीतरी विचारलंत! छताला का होईना.

चौथा भाग बोलण्याचा. त्यात सहा मिळाले. हसायचं असेल तर हसून घ्या. क्लासमध्ये सगळे हसलेच. ओच्यामेची मुलगी बोलण्यात नापास, ही बातमी केसवालीच्या दुकानातसुद्धा पोचलीय.

झालं ते असं. आत गेले तर समोर एक बाई. मी अजून नीट टेकलेही नव्हते, तोच त्यांनी प्रश्न टाकला. आता आपल्याकडे कुणाच्या दारात गेलं की आधी नमस्कार, मग बसणं, मग पाणी, मग घरच्यांची विचारपूस, आणि या सगळ्यानंतर यजमान विचारणार, काय काम काढलंत? त्याच्या आधी कामाचं बोलणाऱ्याला आपण काय म्हणतो? आईबापांनी वाऱ्यावर सोडलेला. मी काही वाऱ्यावर सोडलेली नाही. मी बाईंच्या घरची खुशाली विचारली. त्यांचा प्रवास कसा झाला ते विचारलं. त्यांनी मला वेळ दिला म्हणून आभार मानले. त्यांनी एक कार्ड पुढं केलं. त्यावर विषय होता, तुम्ही पाहिलेली एक नदी. बोलायला दोन मिनिटं. मी वडीलधाऱ्यांसमोर तोंड उघडते आहे म्हणून क्षमा मागितली, एक म्हण सांगितली, मग क्वाशी सरांचे सगळे भारदस्त शब्द एकामागून एक मांडले. दोन मिनिटं संपली तेव्हा, बाबा, मी अजून नदीपर्यंत पोचलेच नव्हते.

बाईंनी विचारलं, "आणि नदी?" मी म्हटलं, "येतेय."

सर म्हणतात, शब्द कमी पडले. झिफा म्हणते, अति तिथं माती. पण तिचं कोण ऐकतं? तिनं स्वतः परवा वॉर्डात एका माणसाला सांगितलं, तुझा ताप 'युबिक्विटस' आहे. म्हणजे सगळीकडे पसरलेला, सध्या घरोघरी तोच आहे, एवढंच तिला म्हणायचं होतं. त्याच्या बायकोनं हंबरडा फोडला आणि पाद्र्याला बोलावणं धाडलं.

मेमध्ये आणखी एकदा बसता येईल. त्यानंतर जूनच उजाडतो. या वेळी मला भीती वाटते, बाबा. शब्द माझ्याजवळ आहेत, पण ते माझ्या आधीच दारातून घुसतात आणि मला आत येऊ देत नाहीत.

सेरवा


मदिना
१९ एप्रिल

बाबा,

तुमचा निरोप मिळाला. म्हणजे आत्या म्हणते की तो निरोप नव्हता. तुम्ही आधीच बजावलंत म्हणे, "फ्रेमा, मी त्या मुलीशी बोलत नाहीये. तुझ्याशी बोलतोय." मग विचारलंत की तिनं कुठली म्हण वापरली. आत्यानं मला विचारलं, मी सांगितलं, 'वाट विचारणारा हरवत नाही' ही. त्यावर तुमचं उत्तर असं आलं की ती म्हण वाट विचारताना वापरायची असते, ही बया तर वाट अडवून उभी होती.

मी पोट धरून हसले. मग थोडी रडले. झिफाला वाटलं, पुन्हा काही निकाल लागला की काय.

पण खरी गोष्ट त्यापुढं होती. आत्यानं ती तुमच्याच आवाजात करून दाखवली, तुमच्यासारखं खाकरूनसुद्धा. "नाना म्हणाले, उद्या सगळ्यांनी रस्ता झाडायला या. तर मी पहिल्यांदा काय सांगतो? रस्ता झाडायला या. मग पूर्वजांची नावं घेतो, मग म्हण सांगतो, मग पाऊसपाण्याचं बोलतो. लोकांना आधी कळायला हवं की झाडू आणायचाय. नटवायचं ते नंतर."

इतकी वर्षं मी सभेत तुमच्या मागे बसून ऐकलं आणि मला फक्त नटवणंच ऐकू आलं. झाडू कधी दिसलाच नाही.

आत्या म्हणाली, हे सांगताना तुमचे डोळे भरून आले होते. मी म्हटलं, नक्की? तर म्हणते, "म्हणजे मी शेजारी मिरच्या वाटत होते, पण तरी." तिचं हे असं आहे. तुमच्या एका वाक्याची ती चार करते, आणि त्यातलं एक अगदी तिच्या पदरचं असतं. मागच्या आठवड्यात म्हणाली, तुम्ही मला लाडानं 'माझी मैना' म्हणालात. तुम्ही जन्मात मला मैना म्हटलेलं नाही.

आता रोज संध्याकाळी झिफा कार्ड वाचते आणि मी पहिल्याच वाक्यात नदीत उडी मारते. क्वाशी सरांना हे पसंत नाही. ते म्हणतात, मी शब्दांचा उपास धरलाय. उपास नाही, शब्द फक्त रांगेत उभे केलेत. आठवड्याला दहाबारा शब्द शिकते, पण ज्याची खरी गरज पडेल तोच बोलवायचा.

सेरवा


मदिना
२२ मे

बाबा,

परीक्षा झाली. बसून सगळं नीट सांगते, कारण यातलं बरंचसं तुमच्याबद्दल आहे.

या वेळच्या बाई पिकल्या केसांच्या होत्या, इंग्लंडहून नुकत्याच आलेल्या. कार्डावर होतं, तुमच्या घरातल्या एका माणसाच्या कामाविषयी सांगा. मी झाडू आधी काढला. पहिलंच वाक्य टाकलं, "माझे वडील लिंग्विस्ट आहेत."

आता आपण सगळे ओच्यामेला इंग्रजीत लिंग्विस्टच म्हणतो. शाळेच्या दाखल्यावरसुद्धा तुमचा व्यवसाय तोच लिहिलाय. या शब्दाला दुसरा काही अर्थ असेल, असं मला कधी वाटलंही नव्हतं. दोन मिनिटं मी तुमची काठी, तुमची सभा, तुमचं खाकरणं, सगळं सांगितलं. बाई मान डोलवत होत्या, पण कपाळाला आठी. वेळ संपल्यावर प्रश्नांची पाळी आली, तेव्हा त्यांनी विचारलं, ते कोणत्या विद्यापीठात असतात? मी म्हटलं, कुठल्याच नाही, ते नानांच्या शेजारी बसतात. किती भाषांचा अभ्यास आहे? मी म्हटलं, एकच भाषा, आणि तिचाही अभ्यास नाही, ती त्यांना येते.

त्यांच्या देशात लिंग्विस्ट म्हणजे भाषांचा पंडित, पुस्तकं लिहिणारा! पहिल्याच वाक्यात चुकीचा शब्द. पण मग त्या पुढं झुकल्या आणि त्यांना खरंच जाणून घ्यायचंय असं दिसलं.

"म्हणजे ते दुभाषे आहेत?"

"नाही. राजाची आणि लोकांची भाषा एकच आहे."

"मग मध्ये तुमचे वडील कशाला हवेत?"

बाबा, हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मी स्वतःलाही नाही. उत्तर पाठ केलेलं नव्हतं आणि क्वाशी सर तर जवळपास नव्हतेच. मी म्हटलं, "राजाचा शब्द एकदा निघाला की मागे घेता येत नाही. म्हणून तो माझ्या वडिलांच्या तोंडून निघतो. चुकला तर राजा चुकत नाही, माझे वडील चुकतात. आमच्यात म्हणतात, वाईट राजा नसतोच, वाईट असतो तो त्याचा ओच्यामे. दुसऱ्यांच्या बोलण्याचा दोष स्वतःच्या अंगावर घ्यायचा, हे त्यांचं काम आहे. नटवणं दिसतं, हे दिसत नाही."

बाईंनी विचारलं, ते शब्द निवडतात कसे? तेव्हा एक भारदस्त शब्द आपण होऊन पुढं आला. मी म्हटलं, 'मेटिक्युलस'. बाजारात एकेक टोमॅटो उलटसुलट करून बघणारी बाई असते ना, तसे. बाई हसल्या. तो शब्द मी जानेवारीतच शिकले होते, पण त्याची गरज मला त्या क्षणी पडली.

हे सांगता सांगताच मला कळलं की मी त्या दिवशी सभेत तुमच्या हातात काय दिलं होतं. दोन उघडे शब्द, ना मागे काही ना पुढे, आणि त्यांचा दोष घ्यायला तुम्ही एकटे उभे. नाही म्हटल्याचं वाईट अजूनही वाटत नाही. तुमच्या हातात इतकं थोडं दिलं, त्याचं फार वाटलं. माझा आवाज भरून आला. परीक्षेत त्याचे गुण कापतात की देतात, मला माहीत नाही.

उठताना बाई म्हणाल्या, हे मी विचारायला नको खरं तर, पण तुमच्या वडिलांना कधी सुट्टी असते का? मी म्हटलं, सध्या माझ्यापुरती घेतलीय.

सेरवा


मदिना
६ जून

बाबा,

या वेळी चारही भाग सांगते, आणि चौथा आधी. बोलणं साडेआठ.

ऐकणं, वाचणं, लिहिणं पण आलं मनासारखं. जागा माझी झाली. झिफालाही साडेसात मिळाले. आम्ही दोघी खोलीत इतक्या नाचलो की केसवाली गिऱ्हाईक अर्ध्या वेणीवर टाकून वर आली, आणि कारण कळल्यावर तीही नाचली. क्वाशी सरांनी सगळं श्रेय स्वतःकडे घेतलं. घेऊ देत, शब्द त्यांचेच होते.

आत्यानं मला तुमचं म्हणणं कळवलं. तुम्ही म्हणालात, "नवातला उरलेला अर्धा कुठं सांडून आली ते विचार तिला." हे तिच्या पदरचं नाही, हे तुमचंच आहे. मी ओळखते.

ऑगस्टमध्ये घरी येते. निघण्याआधी राजवाड्यात निरोप घ्यायला जावंच लागेल. राजमाता पुन्हा विचारणार, हेही मला माहीत आहे.

सेरवा


ग्लासगो, स्कॉटलंड
२१ सप्टेंबर

बाबा,

काल फोनवर तुम्ही विचारलंत की रोज बोलतो आहोत तर पुन्हा पत्र कशाला. कारण एक गोष्ट तुमच्या तोंडावर बोलले असते तर तुम्ही ती उडवून लावली असती. कागदावर तुम्हाला मध्ये बोलता येत नाही.

ऑगस्टमधले पहिले तीन दिवस आठवतात? मी तुमच्यासमोर बसलेली, पामच्या फळांचं सूप माझ्या पुढ्यात, आणि तुम्ही म्हणता, "फ्रेमा, तिला विचार, आणखी वाढू का." आत्या म्हणते, "ती इथंच बसलीय." तुम्ही म्हणता, "मी तुला विचारलं." मी हसू दाबून सूप पीत होते. मग राजवाड्यातला दिवस आला. नाना बसले, राजमाता बसल्या, वडीलधारे बसले, तुम्ही काठी घेऊन बाजूला. राजमातेनं विचारलं, मुलगी परत आली, आता तिचं म्हणणं काय?

मी उभी राहिले. काय बोलले ते तुम्हाला ठाऊक आहे, तरी लिहिते. "राजमाता, तुमचा मान मी घेऊ शकत नाही. आपल्या शाळेत अशी मुलं आहेत की त्यांचा शब्द ओठांपर्यंत येतो आणि तिथंच अडतो. राजाजवळ ओच्यामे आहे, त्यांच्याजवळ कुणी नाही. मी त्यांच्याजवळ उभं राहायला शिकून येते. तुमच्या काठीला माणूस हवा असेल तर माझ्या आत्याकडे बघा. ती तिखटमीठ लावते, पण निरोप पोचवल्याशिवाय राहत नाही."

मी बसले. आता तुमची पाळी होती. राजमातेनं सगळं ऐकलं होतं, तरी ते तुमच्या तोंडून गेल्याशिवाय पोचलं असं होत नाही. लोकांनी स्टुलं पुढं ओढून घेतली, पाय पसरले. ओच्यामे बोलणार म्हणजे वेळ लागणार, हे सगळ्यांना माहीत. कुणीतरी पंखा मागवला. मी मनात म्हटलं, सजवा बाबा, या वेळी तरी तुमच्या हातात काहीतरी आहे.

तुम्ही उभे राहिलात. "मुलगी म्हणते," म्हणालात. थांबलात. आणि मग तुम्ही माझं बोलणं सांगितलंत, जसंच्या तसं. पूर्वज नाहीत, म्हण नाही, पाऊसपाणी नाही. 'तिथंच अडतो' या शब्दांवर मी जेवढी थांबले होते तेवढेच थांबलात. तिखटमिठाचंसुद्धा सोडलं नाहीत. सभा खदखदून हसली, राजमाता हसल्या, आत्यानं अंगावरचं कापड तोंडावर ओढलं. आता ती रोज राजवाड्यात काठी मिरवते आणि एका निरोपाचे चार करते, ते तर तुम्ही बघताच आहात.

तुम्ही खाली बसलात. लोक अजून पाय पसरून वाट बघत होते. तुमच्या शेजारचे म्हातारे ओपोंग आजोबा वाकून म्हणाले, "ओच्यामे, बस एवढंच?"

"एवढंच," तुम्ही म्हणालात. "यात घालण्यासारखं काही उरलं नव्हतं."

उत्तर त्यांना दिलंत, बाबा, पण बघत माझ्याकडे होतात.

तुमची
सेरवा